सावळघाटातला ब्रेक

विलास,

आजवर कोणालाच न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. नाहीतर नेहमीसारखा मी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि ती राहून जाईल. सावळघाटात माझ्या सायकलचा पुढचा ब्रेक गेला, तो तुझ्यामुळे नाही. तू त्यातली हवा बरोबर काढली होतीस, तेल बरोबर भरलं होतंस, स्क्रू बरोबर आवळले होतेस. तो ब्रेक मी घालवला. माझ्या घरी, गॅलरीत बसून, माझ्या हातानं.

सहा वर्षं मी हे गिळून होतो. तू जाऊन सतरा दिवस झाले आणि आता लिहितोय. आपल्या रविवारच्या सायकलवाल्यांनी तुझ्या आठवणींची एक पुस्तिका काढायचं ठरवलंय, त्यात माझाही लेख हवा म्हणाले. "तुम्ही तर जवळचे," असं म्हणाले. तेव्हापासून हे बाहेर पडायला बघतंय.

तुझं आणि माझं जुळलं तेच भांडणानं. ती सायकल घेऊन मी जेल रोडच्या तुझ्या दुकानात पहिल्यांदा आलो, तेव्हा तू तिला हातसुद्धा लावला नव्हतास. मंगलवहिनी दाराशी स्टुलावर बसून चाकाची आऊट काढत होत्या. चाक गरगर फिरवायचं, कुठे डुगतंय ते डोळ्यानं धरायचं आणि तिथला स्पोक चावीनं पाव फेरा आवळायचा. तू म्हणायचास, चाकाला माझ्यापेक्षा हिचा हात बरा. मी कारखान्यात तपासणी विभागात आहे म्हटल्यावर तू मला जे 'इन्स्पेक्टर' म्हणायला लागलास, ते अखेरपर्यंत.

"काय आणलंस हे, इन्स्पेक्टर?"

"लांबच्या प्रवासाची सायकल आहे. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक."

"म्हणजे तेलाचा."

"तेलाचा."

"मग मोटरसायकलच घ्यायची ना! तेल तिलाही लागतं, पाय तरी दुखत नाहीत."

वहिनी चाकाकडे बघतच हसल्या. मी चिडलो. मग तू खुर्ची पुढे ओढलीस आणि सुरू झालास. तार दिसते. तुटायच्या आधी तिचा एक एक पदर उसवतो, ती सांगते, बाबा रे, मी चालले. तेल काय सांगतं? आतल्या आत असतं, आतल्या आत संपतं. सुरगाण्याच्या पुढे तार तुटली तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे कसली तरी तार मिळेल, कापून बसवता येईल. तिथे हे तेल कोण देणार तुला? देवळातल्या समईतलं ओतणार?

मीही काही कमी नव्हतो. म्हटलं, पावसात तुझी तार आत गंजते, नळीत माती जाते, मग दाबताना करकर आणि सोडल्यावर परत यायला कुरकुर. पॅड झिजले की दर दोन दिवसांनी बसून तार आवळायची. तेलाचा ब्रेक ते आपोआप सांभाळून घेतो. मागे वीस किलो सामान असताना घाटाचा लांब उतार उतरलास की तुझी बोटं आखडतात, माझं एक बोट पुरतं.

"एक बोट!" तू म्हणालास. "एका बोटानं मुंगी मरते, सायकल थांबत नाही."

तू हे म्हणालास आणि पुढच्याच रविवारी त्र्यंबक रोडवर, अंजनेरीच्या अलीकडच्या उतारावर, माझी सायकल मागून घेतलीस. खाली गेलास. बराच वेळ आला नाहीस. मी काळजीत. आणि मग तू चढ चढत येताना दिसलास, अर्ध्यातूनच ओरडत, "एका बोटानं रे! करंगळीनंसुद्धा! करंगळीनं थांबवली!" तिथल्या पेरू विकणाऱ्या बाईला तू बळंच लिव्हर दाबून बघायला लावलीस. तिनं दाबली आणि म्हणाली, "चांगलंय. पेरू किती देऊ?"

बावन्नाव्या वर्षी माणूस इतका खूश होतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात तू शिकायला बसलास. मोबाईलवर परदेशी माणसाचे व्हिडिओ लावायचे, आवाज बंद करून, कारण बोलणं कळत नाही, फक्त हात बघायचे. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की लिव्हर मऊ पडते; ती हवा काढायचं सामान विकत मिळायचं, पण तू म्हणालास, असलं सामान तर दवाखान्यात असतं. मेडिकलमध्ये जाऊन दोन मोठ्या सिरिंज आणि सलाइनची नळी मागितलीस. दुकानदारानं काळजीनं विचारलं, "पेशंट कोण?" तू म्हणालास, "सायकल." ही गोष्ट मी तुझ्याकडून किमान पन्नास वेळा ऐकली असेल. पन्नासही वेळा तू आधी स्वतःच हसायचास, मग सांगायचास.

आणि तुला ते जमलं. नाशिक रोडलाच काय, शहरातही मोजक्याच लोकांना जमायचं तेव्हा. वर सिरिंज, खाली सिरिंज, मधे लालसर तेल, आणि तू कान लावून बसल्यासारखा शेवटचा बुडबुडा वर यायची वाट बघत. तेल कुठलं वापरायचं यात तर तू सोवळ्यातल्या बाईसारखा होतास. ह्याच बाटलीतलं, दुसऱ्याला शिवू द्यायचं नाही.

आता माझं सांगतो. कारखान्यात माझं काम काय, तुला माहीत होतं. मशिनांसाठी येणाऱ्या तेलांचे डबे, पिंपं आधी माझ्याकडे येतात. लेबल वाचायचं, नमुना तपासायचा, सही करायची, मग आत. चुकीचं तेल चुकीच्या जागी जाऊ नये, एवढ्यासाठी मला पगार मिळतो. लेबल फाटलेलं असलं तर मी अख्खं पिंप परत पाठवलेलं आहे. लोक वैतागतात माझ्यावर.

त्या श्रावणात आपण पेठवरून धरमपूरमार्गे समुद्रापर्यंत जायचं ठरवलं. महिनाभर आधी तू माझ्या दोन्ही ब्रेकची हवा काढून दिलीस. मग एका सकाळी मी साखळी साफ करायला सायकल उलटी उभी केली, तास-दीड तास तशीच ठेवली. सरळ केल्यावर पुढची लिव्हर जरा मऊ लागली. सायकल उलटी ठेवली की कधी कधी तसं होतं, थोडा वेळ सरळ उभी ठेवून चार वेळा दाबली की बसतं, हे तू मला सांगितलं होतंस. मी विसरलो. मला वाटलं तेल कमी पडलं. तुझ्याकडे यायला दहा मिनिटं लागली असती. पण तू म्हणाला असतास, "बघ, म्हणलो नव्हतो? आतल्या आत संपतं!" ते ऐकायचं नव्हतं म्हणून आलो नाही. एवढंच कारण. त्याहून मोठं कारण असतं तर मला सांगायला बरं वाटलं असतं.

घरात मोटरसायकलच्या ब्रेकचं तेल होतं, अर्धी बाटली. ब्रेकचंच तेल, म्हटलं. लिव्हरवरचं झाकण उघडलं. त्याच्यावर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. माझा चष्मा आतल्या खोलीत होता. मी उठलो नाही, विलास. जो माणूस फाटलेल्या लेबलासाठी पिंप परत करतो, तो चष्म्यासाठी आतल्या खोलीत गेला नाही. थोडंसंच ओतलं, झाकण लावलं, चार वेळा दाबलं. लिव्हर कडक लागली. मी स्वतःवर खूश झालो आणि चहा टाकला.

सावळघाटातली ती सकाळ मात्र मला आजही हवीशी वाटते, इतकी सुंदर होती. ढग रस्त्यावर उतरलेले, कातळावरून पाणी, आणि तू पुढे, मोडक्या आवाजात गात. वळणावर मी लिव्हर दाबली. एक बोट, दोन बोटं, सगळी बोटं. ती थेट मुठीला येऊन टेकली. हाताला तेल लागलं. मागचा ब्रेक होता म्हणून वेग थोडा कमी झाला, पण सामानासकट सायकल पुढच्या वळणाला काही थांबत नव्हती. मी तुझ्या शेजारून गेलो तेव्हा तू ओरडलास, "अरे, शर्यत लावायची तर सांग तरी!" आणि मी रस्ता सोडून, बांधावरून उडून, भाताच्या खाचरात.

चिखल इतका मऊ होता की मला काहीच झालं नाही. मनगट मुरगळलं, एवढंच. खाचराच्या मालकीणबाई आवणीची, म्हणजे भातलावणीची, राहिलेली रोपं हातात घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं.

"रस्ता तिकडं हाय ना, भाऊ. भातात कशाला आले?"

तू धापा टाकत आलास, मी जिवंत आहे हे पाहिलंस आणि चिखलात बसून हसलास. बाई हसल्या. मीही हसलो. मग तू सायकल उचललीस, लिव्हरवरचं तेल पाहिलंस आणि तुझं हसू थांबलं. मला दिसलं ते थांबताना.

"माझा स्क्रू ढिला राहिला रे," तू म्हणालास. "नाहीतर वॉशर नीट बसला नाही. माझ्या हातून झालं हे. मेला असतास तू."

मला ती बाटली त्याच क्षणी आठवली होती. खात्री नव्हती, पण आठवली होती.

तू चिखलात माझ्यासमोर उभा राहिलास, माझं दुखरं मनगट दोन्ही हातांत धरलंस आणि म्हणालास, "माफ कर, शरद." इन्स्पेक्टर नाही म्हणालास. आणि मी म्हणालो, "जाऊ दे रे. माफ केलं."

माफ केलं म्हणालो, विलास. मी. तुला.

त्यानंतरचा तास मी कुणालाही द्यायला तयार नाही. माझ्या सायकलनं बाईंची दोन ओळी रोपं आडवी केली होती. त्या म्हणाल्या, राहू द्या. तू ऐकेनास. बूट काढलेस, पँट दुमडलीस आणि मलाही ओढलंस. आपण दोघं वाकून रोपं लावत होतो आणि बाई मागून येऊन आपण लावलेली निम्मी उपटून पुन्हा लावत होत्या. "लय खोल नका खोसू, भाऊ, तिला श्वास घेऊ द्या." तू म्हणालास, "इन्स्पेक्टर, तपासणी बघ किती कडक आहे!" नंतर त्यांच्या घरी नागलीची भाकर आणि उडदाची आमटी खाल्ली. तू तीन भाकरी खाल्ल्यास आणि चौथी खिशात घातलीस. वाकून रोपं खोसत होतो तेव्हा तुझं तोंड दिसत नव्हतं, माझं तुला दिसत नव्हतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तू काहीतरी विनोद केलास.

पेठला मुक्कामाला पोचल्यावर मी चष्मा लावला आणि लिव्हरवरचं झाकण पुसून वाचलं. फक्त मिनरल ऑइल. दुसरं तेल घातलं तर आतलं रबर फुगतं, मऊ पडतं, फाटतं आणि तेल सोडतं. मला हे माहीत होतं. कारखान्यात मी नव्या पोरांना हेच शिकवतो, तेल आणि रबर यांची सोयरीक बघून करावी म्हणून.

तू खाली चहा सांगायला गेला होतास. वर आलास आणि म्हणालास, "उद्यापासून तू माझी सायकल घे. तारेची आहे, विश्वासाची. तुझी मी चालवतो, मागच्या एका ब्रेकवर." मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो.

दोन दिवस तू प्रत्येक उताराला खाली उतरून, माझी सायकल धरून चालत आलास. मी तुझ्या सायकलवर पुढे जाऊन सावलीत थांबायचो. तू घामानं निथळत यायचास आणि म्हणायचास, "पायी चालल्याशिवाय घाट कळत नाही बघ." समुद्र दिसला तेव्हा तू सायकल वाळूत टाकून पँटसकट पाण्यात गेलास. छातीभर पाण्यात उभा राहून मला हाका मारत होतास. परत येताना टोमॅटो पोचवून नाशिककडे निघालेल्या पिकअपमध्ये, रिकाम्या क्रेटवर बसून आलो. तू वाटभर चालकाला ब्रेकचं शास्त्र समजावलंस. त्यात तू एक वाक्य बोललास. "तेलाचा ब्रेक एकदम भरवशाचा, भरवशाचा नाही तो माझा हात."

मला वाटलं होतं, तू आता तेलाला शिव्या देशील, जुन्या भांडणात मी हरलो असं जाहीर करशील. तसं केलं असतंस तर मी बहुधा भांडणाच्या भरात खरं बोलूनही गेलो असतो. पण तू ब्रेकची बाजू घेतलीस आणि स्वतःला दोष दिलास. दुसऱ्या दिवशी मी सांगायचं ठरवून दुकानात आलो, तर तू दोन गिऱ्हाइकांना परत पाठवलं होतंस. सिरिंज कचऱ्यात होत्या. "आता हे काम बंद," म्हणालास. "आज तुला चिखल मिळाला. दुसऱ्याला दरी मिळेल."

लोक म्हणतील, त्याला कळलंच असेल, एवढा कसबी माणूस, तेल ओळखलं नसेल का. मीही बरीच वर्षं हेच स्वतःला सांगून बघितलं. पण तुझ्या पोटात कधी काही राहिलं आहे का? तुला कळलं असतं तर तू मला भर रस्त्यात गाढव म्हणाला असतास आणि पुढच्या रविवारी मिसळीच्या टेबलावर वीस जणांसमोर पुन्हा म्हणाला असतास. मी थोडंसंच ओतलं होतं, रंग लालसरच राहिला होता, वर चिखल. तुला कळलं नाही. त्या आडोशाला मी उभा राहणार नाही.

आणि मिसळीच्या टेबलाची मला जी भीती होती ना, की माझं हसं होईल, ते तू स्वतःचं हसं करून दाखवलंस. दर पावसाळ्यात नवा कोणी आला की, "ऐका, मी एकदा इन्स्पेक्टरला मारता मारता वाचवला." पहिल्या वर्षी मी बांधावरून उडालो. दुसऱ्या वर्षी म्हशीवरून. गेल्या वर्षी तर मी हवेत असताना तुला हात केला होता म्हणे. सगळे लोळायचे. मी सगळ्यांत जास्त हसायचो, कारण तू सांगायचासच तसं. एकदा पांडवलेण्यांच्या पायथ्याशी मी सुरुवात केली, "विलास, त्या ब्रेकचं..." तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. "सोड रे. तू माफ केलंस, मी झोपलो. आणखी काय पाहिजे?" तुला झोप लागत होती हे ऐकून मी गप्प बसलो. ते तुझ्यासाठी गप्प बसलो असं मी म्हणायचो. ते खोटं आहे. मला सोपं होतं म्हणून.

तरी सांगतो, तुझ्यासोबतचे रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यांत मोकळे दिवस होते. अपराधी माणसाला इतकं हसायला मिळू नये, पण मला मिळालं, आणि ते तू दिलंस. तुझ्या मागोमाग चढ चढताना तुझी ती तारेची सायकल करकरायची आणि मी ओरडायचो, "तेल घाल!" तू मागे न बघता ओरडायचास, "तू घाल!" तुला काय माहीत मी काय घालून बसलो होतो. बघ, मलाही आता हसू येतंय.

परवा दुकान उघडलं. मी गेलो होतो. मंगलवहिनी तिथेच होत्या, चाक समोर. पुण्याहून आलेली एक मुलगी सामान लादलेली सायकल घेऊन आली, एकटीच सापुताऱ्याकडे निघालेली. पुढचा ब्रेक मऊ लागतोय म्हणाली. वहिनींनी लिव्हर एकदाच दाबली.

"हवा आहे आत," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे होत नाही गं. शहरात कर, मगच पुढे जा."

ती गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "होत नाही असं नाही, भाऊजी. येतं मला. ह्यांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, वरची सिरिंज मीच धरायचे. पण ह्यांनी सोडलं, म्हणून मीही सोडलं. म्हणाले, आपल्या घराच्या हाताला ते काम लाभत नाही."

मग म्हणाल्या, "तुम्ही मात्र कधी शब्दानं दुखावलं नाहीत ह्यांना. फार मोठं मन तुमचं."

मी "हं" म्हणालो. तू नसतानाही "हं"च म्हणालो.

तर आता उरलेलं. तुझ्याकडून घेतलेली माफी मला परत करता येत नाही, तो मार्ग सतरा दिवसांपूर्वी बंद झाला. पुस्तिकेत हे छापून येईल, पण वहिनींनी ते वीस जणांसोबत वाचावं असं मला नको आहे. हा कागद छापायला देण्याआधी जेल रोडला जाऊन, त्यांच्यासमोर बसून, तुझा हात चुकला नव्हता, मी चुकलो, आणि त्यांनी ते काम खुशाल करावं, हे माझ्या तोंडानं सांगायचं आहे. एवढं मी तुझं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.

शरद